मानवत हत्याकांडाची दोन चित्ररूपे आणि प्रेक्षकमतांतील भेद : एक चिकित्सा

प्रस्तावना :

एकाच कलाकृतीविषयी प्रेक्षकांची मते परस्परविरोधी असणे ही गोष्ट नवी नाही. लोकांची आवड निरनिराळी असते, असे म्हणून हा प्रश्न बहुधा तेथेच सोडून दिला जातो. गुन्हेगारीवर आधारित कलाकृतींच्या बाबतीत मात्र हे उत्तर पुरेसे ठरत नाही. कलाकृतीमागील गुन्हा प्रत्यक्ष घडलेला असेल, त्याचा न्यायनिवाडा झालेला असेल आणि ज्या गावात तो घडला ते गाव आजही नांदते असेल, तर प्रेक्षकाच्या मतामागे आवडीखेरीज इतरही गोष्टी उभ्या असतात. प्रस्तुत लेखात मानवत हत्याकांडावर आधारित 'आक्रीत' (१९८१) हा मराठी चित्रपट आणि 'मानवत मर्डर्स' (२०२४) ही मराठी वेबमालिका यांच्या आधारे अशा मतभेदांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

घटनेची पार्श्वभूमी :

मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात या गावाच्या परिसरात दहा हत्या झाल्या. बळी पडलेल्यांत लहान मुली, स्त्रिया आणि एक तान्हे मूल यांचा समावेश होता. गुप्तधन आणि संततिप्राप्ती यांसाठी नरबळी देण्यात आले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. कटाचे सूत्रधार म्हणून गावातील एक प्रतिष्ठित पुढारी आणि त्याच्याशी संबंध असलेली पारधी समाजातील एक स्त्री यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. खटल्याचा शेवट १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने झाला. प्रत्यक्ष हत्या करणारे म्हणून काही आरोपी दोषी ठरले. परंतु सूत्रधार म्हणविले गेलेले दोघे पुराव्याअभावी सुटले. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र पुराव्याची पुष्टी हवी, या तत्त्वाची चर्चा करताना विधी शाखेचे विद्यार्थी आजही या निकालाचा अभ्यास करतात.

हा काळ १९७२ च्या दुष्काळाचा होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पाटोदा, आष्टी, मानवत या सर्वच भागांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'बहात्तरचा दुष्काळ' हा कालगणनेचा टप्पा आहे. मिलो ज्वारी, सुकडी आणि दुष्काळी कामावरील खडी फोडणे यांच्या आठवणी अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. दुष्काळामुळे हत्या झाल्या, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि मराठवाड्यातील प्रेक्षक या कथेकडे पाहतो तेव्हा ही स्मृती त्याच्या सोबत असते.

'आक्रीत' आणि त्याविषयीची मते :

'आक्रीत' हा अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट होय. पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. प्रमुख भूमिका अमोल पालेकर आणि चित्रा पालेकर यांनी केल्या. फ्रान्समधील नांत येथील तीन खंडांच्या चित्रपट महोत्सवात त्यास परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक लाभले. चित्रपटाने मूळ घटनेतील नावे बदलली आणि पात्रांना कल्पित रूप दिले.

या चित्रपटाविषयी दोन प्रकारची मते संभवतात व ती व्यक्तही होत आली आहेत. पहिले मत त्यातील संयमाचे आणि सत्ता, वासना व अंधश्रद्धा यांच्या परस्परसंबंधाच्या मांडणीचे कौतुक करते. १९७३ ते १९७५ या काळात नेहरू शिष्यवृत्तीखाली तेंडुलकरांनी समाजातील हिंसेचा अभ्यास केला होता. 'निशांत', 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य' यांच्या पटकथांप्रमाणेच 'आक्रीत'मध्येही हिंसा ही सत्तेच्या रचनेतून निर्माण होते, असे हे मत मानते. दुसरे मत याच संयमाला कोरडेपणा म्हणते. या मताच्या प्रेक्षकाला चित्रपटात जीव लावावा असे कोणी सापडत नाही.

या दुसऱ्या मतामागे नटाच्या प्रतिमेचाही भाग आहे. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'गोलमाल' या चित्रपटांनी पालेकरांना साध्या, सालस मध्यमवर्गीय तरुणाची प्रतिमा दिली होती. तोच चेहरा बालहत्यांच्या कटात पाहणे अनेकांना रुचणे कठीण होते. याउलट, क्रौर्य हे भेसूर चेहऱ्याने येते या समजुतीला धक्का देण्यासाठी हीच निवड योग्य होती, असे दुसऱ्या बाजूने म्हणता येते.

'मानवत मर्डर्स' आणि त्याविषयीची मते :

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मानवत मर्डर्स' या मालिकेचे दिग्दर्शन आशिष बेंडे यांनी केले आहे. मुंबईहून तपासासाठी पाठविलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकावर ती आधारित आहे. १९६८ मधील रमण राघव प्रकरणाच्या तपासामुळे कुलकर्णी आधीच प्रसिद्ध होते. त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली असून मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांच्याही प्रमुख भूमिका आहेत. 'आक्रीत'प्रमाणे येथे नावे बदललेली नाहीत.

मालिकेची शैली 'नॉयर' या संज्ञेखाली मोडते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच समीक्षकांनी अमेरिकन गुन्हेपटांना ही संज्ञा लावली. अंधार आणि सावल्या, नैतिक संदिग्धता, शोध घेता घेता स्वतःच गुंतत जाणारा तपासक ही तिची लक्षणे सांगितली जातात. मालिकेत अर्ध्या शतकापूर्वीचा मराठवाडा उभा करण्यासाठी या शैलीचा वापर झाला आहे.

मालिकेविषयीची मते स्थूलमानाने तीन प्रकारची दिसतात. पहिल्या प्रकारचा प्रेक्षक वातावरणनिर्मिती आणि अभिनय यांची प्रशंसा करतो. विनोदी भूमिकांसाठी परिचित असलेल्या अनासपुरे यांची गंभीर भूमिका त्याला विशेष वाटते. पालेकरांच्या बाबतीत घडलेलाच प्रतिमाभंग येथे पुन्हा घडतो. दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाला गती संथ वाटते. गुन्हेगार कोण याचा अंदाज लवकर येत असल्याने उत्कंठा टिकत नाही, अशी त्याची तक्रार असते. तिसरा प्रकार प्रदेशाशी निगडित आहे. आपल्या भागाची बोली, माणसे आणि इतिहास पडद्यावर आल्याचे समाधान त्यास असते. परंतु मराठवाडा म्हटले की दुष्काळ, मागासलेपणा आणि करणी-भानामती एवढेच का दाखवावे, हा प्रश्नही तो विचारतो.

मतभेदांचे मूळ :

या मतांची आवडीनिवडीनुसार विभागणी केल्यास त्यांतील महत्त्वाचा धागा निसटतो. प्रत्येक कलाकृती प्रेक्षकाला घटनेच्या एका विशिष्ट बाजूला उभे करते. 'आक्रीत' त्याला आरोपींच्या घरात नेते. म्हणून तेथील प्रश्न 'माणूस असे का करतो' हा असतो. 'मानवत मर्डर्स' त्याला तपासाधिकाऱ्यासोबत चालविते. म्हणून तेथील प्रश्न 'हे कोणी केले आणि ते सिद्ध कसे होईल' हा असतो. पहिल्या प्रश्नाची अपेक्षा ठेवून मालिका पाहणाऱ्याला ती वरवरची वाटेल. दुसऱ्या प्रश्नाची अपेक्षा ठेवून चित्रपट पाहणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटेल. दोघांचीही मते आपापल्या जागी प्रामाणिक आहेत.

दोन कलाकृतींच्या मधल्या काळात प्रेक्षकही बदलला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध कायदा झाला. १९८१ चा प्रेक्षक अंधश्रद्धेचे चित्रण पाहताना लोकशिक्षणाचा विचार करीत असेल, तर २०२४ चा प्रेक्षक कायदा होऊनही अशा बातम्या का येतात, असे विचारतो.

यांखेरीज आणखी एक बाजू आहे व ती प्रेक्षकांच्या चर्चेत क्वचितच येते. ती बाजू न्यायालयाची होय. फिर्यादी पक्षाची कथा कितीही सुसंगत असली तरी सूत्रधार म्हणविल्या गेलेल्या दोघांविरुद्ध ती सिद्ध झाली नाही. नॉयर शैलीचे सारे सामर्थ्य संशय गडद करण्यात आहे. न्यायालयाचे काम संशयाचा फायदा आरोपीस देणे हे आहे. प्रेक्षक अंधारातील चेहरा पाहून मनोमन निकाल देऊन टाकतो. 'आक्रीत'ने नावे बदलून कल्पित आणि वास्तव यांत अंतर राखले होते. खरी नावे घेऊन केलेल्या मालिकेच्या प्रेक्षकावर हे अंतर स्वतः राखण्याची जबाबदारी येते. सुटकेचा निकाल ही प्रेक्षकाला कथेच्या शेवटची हुरहूर वाटते, की आपल्या मतावर घातलेली मर्यादा वाटते, यावर त्याच्या आस्वादाची प्रगल्भता अवलंबून आहे.

पारधी समाजाच्या संदर्भात ही बाब अधिक गंभीर होते. इंग्रजी राजवटीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्यात आला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. बीड जिल्ह्यातील गावोगावी पारध्यांची पाले व वस्त्या आहेत आणि चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर जातो, हा अनुभव येथील प्राध्यापकवर्गास अपरिचित नाही. अशा प्रेक्षकसमूहासमोर मानवतची कथा येते तेव्हा व्यक्तीचा गुन्हा जमातीच्या नावे जमा होण्याचा धोका असतो. 'फार वास्तव दाखविले' या प्रशंसेत पुष्कळदा हा जुना समज दडलेला असतो. पारधी वस्तीतून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी याच दृश्यांकडे कोणत्या मनःस्थितीत पाहत असेल, याचा विचार त्या प्रशंसेत नसतो.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. एक, 'आक्रीत' आणि 'मानवत मर्डर्स' यांविषयीचे मतभेद मुख्यत्वे प्रेक्षकाने घटनेस विचारलेल्या प्रश्नांतील भेद आहेत. दोन, परिचित नटाच्या प्रतिमेचा भंग, प्रदेशाची स्मृती आणि बदललेला कायदा हे घटक या मतांना आकार देतात. तीन, सत्य घटनेवरील गुन्हेपटाचे मूल्यमापन करताना वातावरण, अभिनय व गती यांच्या जोडीला न्यायालयीन निकालाशी कलाकृतीचे आणि प्रेक्षकाचे नाते कसे आहे, हा निकषही लावला गेला पाहिजे.

मराठी चित्रपट समीक्षेत हा तिसरा निकष अद्याप पुरेसा रुजलेला नाही. महाविद्यालयीन स्तरावर चित्रपट रसास्वाद शिकविताना चित्रपट, मालिका आणि १९७७ चा निकाल हे तीनही एकत्र अभ्यासास ठेवल्यास विद्यार्थ्यांना आपल्या मताची कारणे तपासता येतील. दहा जणांचे प्राण गेले, काहींना शिक्षा झाली, काही सुटले आणि एका जमातीवरील संशय तसाच राहिला. या चारही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवून दिलेले मत अनुकूल असो वा प्रतिकूल, ते अधिक जबाबदार असेल.