पेटीवादक आणि कलावंत : गोविंदराव टेंबे यांच्या वादनाचा विचार

पाश्चात्य देशांत पियानोवादक रंगमंचावर एकटा येऊन बसतो आणि भरलेले सभागृह दोन तास त्याच्या वादनात तल्लीन होते. हा मान त्या वाद्यास आरंभापासून होता असे मात्र नव्हे. 1840 मध्ये लंडन येथे फ्रान्झ लिस्ट याने केवळ आपल्या एकट्याच्या वादनाचे कार्यक्रम जाहीर केले, तेव्हा तो प्रकार तेथेही नवाच होता. आमच्याकडे पियानो रुजला नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूस मध्यमवर्गीयांची बिऱ्हाडे आहेत. दोन-तीन खोल्यांच्या अशा घरात ते अवजड वाद्य चढवावयाचे कसे, हा एक प्रश्न. आणि मींडेवर जगणाऱ्या संगीतात त्याने करावयाचे काय, हा दुसरा व अधिक खरा प्रश्न. त्याची जागा आमच्या घरांत पेटीने घेतली. तेव्हा पियानोवादकाच्या तोडीचा कलावंत आपल्याकडे शोधावयाचा तर तो पेटीवादकांतच शोधला पाहिजे. आणि त्यांत पहिले नाव कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे (1881–1955) यांचेच घ्यावे लागते.

पेटीवरील आक्षेप आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. 1842 मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेले हे वाद्य आपल्या देशात आले, त्याचा पायभाता जाऊन हातभाता झाला. पण सप्तकाचे बारा समान तुकडे करण्याची युरोपीय रीत तशीच राहिली. षड्जाची आंदोलने 240 धरली तर तंबोऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार 300 आंदोलनांवर लागतो. पेटीचा गंधार 302 च्याही किंचित पुढे जातो. फरक अल्प आहे, पण तयार कानास तो खुपतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे पट्ट्यांस शक्य नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचा गणिती विचार करून वाद्यच सुधारण्याचा प्रयत्न केला. तो अभ्यासनीय खरा, परंतु श्रुतींची पेटी प्रचारात आली नाही. 1940 मध्ये तर आकाशवाणीने पेटी वर्ज्य केली आणि ती बंदी शिथिल व्हावयास 1971 साल उजाडले.

देवलांनी वाद्य दुरुस्त करू पाहिले. टेंबे यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी आहे तेच वाद्य घेतले आणि गाणे आत्मसात केले. भास्करबुवा बखले यांस ते गुरुस्थानी मानीत व त्यांच्या गायनास साथ करीत; अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचा त्यांचा व्यासंग तर इतका, की खाँसाहेबांचे चरित्र त्यांनी लिहिले. थोर गवयाची साथ म्हणजे केवळ त्याच्या मागे धावणे नव्हे. पुढील जागा कोठे येणार, श्वास कोठे संपणार, हे बोटांस आधी कळावे लागते. मग पट्टी पूर्ण सुटण्यापूर्वी दुसरी दाबणे, शेजारच्या स्वराचा निसटता कण देणे, भात्याच्या दाबाने एकाच स्वरास फुगविणे व ओसरविणे, अशा उपायांनी मींड प्रत्यक्ष न येताही तिचा भास होतो. पियानोवरही हीच अडचण आहे. तेथे तर वाजलेला स्वर लगेच विरू लागतो. म्हणूनच शोपँ आपल्या शिष्यांस चांगले गायक ऐकण्यास सांगत असे. वाद्याचे न्यून कंठाच्या ज्ञानाने भरून काढणे, हा दोन्हीकडील एकच धर्म होय.

हे ज्ञान टेंबे यांनी पेटीपुरते ठेवले नाही. 1911 मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमाना’स त्यांनी चाली दिल्या आणि पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी नाट्यसंगीतात आणला. 1913 मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे संस्थापक झाले. 1932 मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाचे संगीत त्यांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच.

येथे टीकाकाराने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. इतक्या दिशांस वाहणाऱ्या प्रतिभेने पेटीचे नुकसान केले काय? काही अंशी होय. युरोपातील पियानोवादकामागे बेथोवेनच्या बत्तीस सोनाटांसारखे लिखित भांडार उभे असते. वादक गेला तरी ते उरते. आमचा वादक त्या क्षणी स्वतःच रचनाकार असतो, आणि बैठक उठली की रचनाही उठते. टेंबे यांनी नाटकास चाली दिल्या, परंतु पेटीचे म्हणावे असे स्वतंत्र वाङ्मय त्यांच्या हातून निर्माण झाले नाही. ही उणीव आम्ही झाकू इच्छीत नाही. तथापि एकाच वाद्यास चिकटून राहिलेले टेंबे तितके मोठे वादक झाले असते काय, याविषयी आम्हांस शंका आहे. ज्या रसिकतेने ‘मानापमाना’च्या चाली बांधल्या आणि ‘माझा संगीत व्यासंग’ लिहविला, तीच रसिकता त्यांच्या बोटांत होती. ती छाटून केवळ सफाई ठेवली असती तर कारागीर उरला असता, कलावंत नव्हे.

त्यांच्यानंतर पी. मधुकर (1916–1967) आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (1934–2018) यांनी एकल पेटीवादनास बैठकीत स्थान मिळवून दिले. आज आपल्या घरांतील मुले पेटी शिकतात, परंतु बहुधा बोटांचाच अभ्यास करतात. पालकांनी त्यांस पेटीबरोबर तंबोऱ्यावर गळाही लावावयास सांगावे आणि उत्तम गवई कान भरून ऐकू द्यावे. टेंबे यांच्या चरित्राचा पेटी शिकणाऱ्यास काही उपयोग असेल तर तो हाच. पट्टीवरचा गंधार दोन आंदोलनांनी चढा आहे, हे ज्याच्या कानास कळले, त्याच्याच हातात ती पेटी गाऊ लागते.