पूर्वकर्म आणि अपंग मूल

'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त फेटाळला. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, याखेरीज त्याचा दुसरा हेतू त्यांना दिसत नव्हता. हा नकार आपण जातीपुरताच वाचला. घरात अपंग मूल जन्मले की आजी देवीला नवस बोलते, मामा प्रार्थनासभेला नेतो आणि बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला बापही 'मागचे भोग' म्हणतो. आजीला अडाणी ठरवणे सोपे आहे. ती निदान पोराला कडेवर घेऊन डोंगर चढते! पण विनयपिटकातला 'महावग्ग' आंधळ्या, बहिऱ्या, लंगड्यांना प्रव्रज्या देऊ नये म्हणतो, ही चर्चा आपण टाळतो. आपल्या कवितेतही 'पांगळा समाज' सर्रास येतो. विहारात वंदनेला बसलेल्या त्या पोराने ती कविता कशी ऐकायची?