वाढत्या शाळेत पाहण्याचा तास कोणता?

हायस्कूल वाढू लागले की सर्वांनाच आनंद होतो. दोन तुकड्यांच्या चार होतात, पट वाढतो आणि मग खोल्या कमी पडतात. अशा वेळी आधी कोणती खोली जाते हे पाहण्यासारखे असते. बहुधा पहिली जाते चित्रकलेची. तेथे आठवी ‘ड’ बसू लागते आणि ड्रॉइंगचे सर खडू-कागद घेऊन वर्गावर्गातून फिरू लागतात. पुढे प्रयोगशाळेतही बाके येतात. सूक्ष्मदर्शक कपाटात जातो आणि प्रयोग शिक्षकांच्या टेबलावर, साठ मुलांसमोर, एकदाच होतो.

ही निव्वळ जागेची अडचण आहे, असे आम्हांला वाटत नाही. या दोन्ही खोल्यांत मुले एकच काम करीत असत : समोरच्या वस्तूकडे नीट पाहणे आणि जे दिसले ते कागदावर उतरवणे. शाळेने वाढताना सोडून दिले ते हे काम.

त्याची खूण विज्ञानाच्या वहीत सापडते. जास्वंदीच्या फुलाची आकृती पाहा. साठ वह्यांमध्ये साठ आकृत्या आणि सगळ्या एकाच पुस्तकातून उतरलेल्या! देठ तेवढाच वाकडा, नावांच्या रेषा त्याच बाजूला. वास्तविक जास्वंद शाळेच्या कुंपणापाशीच फुललेली असते. एकेरी पाकळ्यांचे फूल हातात घेतले तर निदलांच्या खाली अरुंद हिरव्या पात्यांचे आणखी एक कडे दिसते. पुंकेसर सुटे नसून त्यांची एक नळी झालेली आहे आणि त्या नळीतून कुक्षीवृंत बाहेर येतो, हेही दिसते. पाकळ्या एकमेकींवर वळणाने चढलेल्या असतात. हे वळण सर्व फुलांत एकाच दिशेचे असते का? पुस्तकातली आकृती उतरवणाऱ्या मुलाला हा प्रश्न कधीच पडणार नाही. याहून वाईट म्हणजे, एखाद्या मुलीने आपल्या फुलात दिसले तसे काढले आणि ते पुस्तकाशी जुळले नाही, तर तिचेच गुण कापले जाण्याचा धोका असतो. विज्ञानाच्या तासाला यापेक्षा उलटा धडा कोणता असेल?

चित्रकलेच्या बाजूलाही सगळे आलबेल नाही. एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र हा विषय आहे. समोर मांडलेल्या वस्तूंचा आकार, प्रमाण, छायाप्रकाश यांची ती परीक्षा. म्हणजे निरीक्षणाचीच परीक्षा. पण ग्रेड परीक्षांतील यशाचा संबंध दहावीच्या जादा गुणांशी जुळल्यापासून पुष्कळ ठिकाणी तांब्या, वाटी आणि सफरचंद यांची ठरावीक मांडणी घोटून घेतली जाते. मूल तांब्या पाहत नाही, तांब्याची रीत आठवते. विज्ञानाची आकृती पाठ आणि चित्रही पाठ, अशी ही जोडी जमली आहे.

पाहण्याला चित्रकलेचे शिक्षण किती उपयोगी पडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण शिक्षकमित्रांनी वर्गात जरूर सांगावे. 1609 च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. हॅरियट मोठे गणिती होते. त्यांच्या चित्रात चंद्राच्या उजेडाची आणि अंधाराची सीमा वेडीवाकडी दिसते, पण डोंगर नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओंनी चंद्र पाहिला. अंधाऱ्या भागात सुटे उजळ ठिपके आणि उजळ भागात काळे डाग पाहून त्यांनी ओळखले की ही शिखरे आणि खड्ड्यांमधल्या सावल्या आहेत. 1610 च्या मार्चमध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यानंतरच्या जुलैमधील हॅरियट यांच्या चित्रात खड्डे दिसू लागले!

गॅलिलिओंची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती, हे खरे. पण छायाप्रकाशाने उंचसखलपणा दाखवण्याच्या कलेशीही त्यांचा चांगला परिचय होता. चित्रकार चिगोली त्यांचे मित्र होते आणि 1613 मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्र-शिल्पकारांच्या अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. सावली वाचायला शिकलेला डोळा दुर्बिणीला लागला, म्हणून डोंगर दिसले, असे कलेच्या इतिहासाचे काही अभ्यासक मानतात.

पुढचे काम भूमितीने केले. उजळ ठिपका प्रकाशाच्या सीमेपासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतका दूर होता. व्यास 2000 मैल धरला तर हे अंतर 100 मैल आणि त्रिज्या 1000 मैल. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण सुमारे 1005 मैल येतो, म्हणजे शिखराची उंची चार मैलांहून अधिक. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना हे गणित सहज करता येईल.

मात्र चित्र फसवतेही. गॅलिलिओंच्या पुस्तकातील चंद्रावर एक खड्डा इतका मोठा दाखवला आहे की तेवढा खड्डा त्या जागी नाहीच. तेव्हा चित्र काढले की काम संपले असे नव्हे. चित्र पुन्हा वस्तूशी ताडून पाहायला हवे.

यावर कोणी म्हणेल, आता मोबाईलवर फोटो काढता येतो, मग हा खटाटोप कशाला? फोटो अवश्य काढावा. पण कॅमेरा समोरचे सगळे सारखेच टिपतो. पेन्सिल धरलेल्या मुलाला मात्र प्रत्येक रेषेपाशी ठरवावे लागते : ही कड कोठे संपते? हा डाग आहे की सावली? दुसरी शंका अशी की सर्वांना चित्र चांगले येत नाही. येथे सुंदर चित्र नकोच आहे, प्रामाणिक चित्र हवे आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नसावी, असे म्हटले आहे. ही भिंत आपण वेळापत्रकातून पाडू शकतो. पंधरवड्यातून एकदा विज्ञानाचा आणि चित्रकलेचा तास लागोपाठ ठेवावा. साठांपैकी तीस मुले सूक्ष्मदर्शक, भिंगे आणि फुले यांच्यापाशी विज्ञान शिक्षकांबरोबर बसतील, तीस चित्रकला शिक्षकांबरोबर तीच वस्तू रेखाटतील आणि दुसऱ्या तासाला अदलाबदल होईल. प्रत्येक चित्रावर तारीख, वेळ आणि वस्तूचे खरे माप लिहावे. गुण देताना चित्र पुस्तकाशी नव्हे, समोरच्या वस्तूशी ताडावे.

आणि नवी इमारत बांधायची असेल, तर संस्थाचालकांकडे एक मागणी आताच करून ठेवावी. दोन खोल्या देणे जमत नसेल, तर दोन्ही विषयांसाठी एक मोठी खोली द्या : लांब टेबले, पाण्याचे नळ आणि उत्तरेकडे रुंद खिडक्या असलेली. उत्तरेचा प्रकाश आपल्याकडे बहुतेक वर्षभर थेट उन्हाचा नसतो, त्यामुळे तो चित्राला आणि भिंगाला सारखाच सोयीचा असतो. नकाशा कागदावर असतानाच ही खोली मागितली पाहिजे. एकदा तेथे आठवी ‘ड’ बसली की ती परत मिळणे कठीण असते.