ताडाचे झाड आणि मद्यालयाची भिंत

डहाणूच्या किनाऱ्यावर काय किंवा तलासरीवरून जाणाऱ्या महामार्गालगत काय, उपाहारगृहांच्या भिंतींवर वारली चित्रे हल्ली सर्रास दिसतात. गेरूचा रंग, पांढऱ्या त्रिकोणी आकृत्या, तारपा नाच, ताडावर चढणारा माणूस. वर पेंढ्याचे छप्पर आणि खाली बियरचे पेले. या सजावटीला कलेचा गौरव म्हणावे काय? उत्तर शोधताना एका दूरदेशीच्या मद्यालयाची हकिकत उपयोगी पडेल.

अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास ‘टिकी बार’ नावाची टूम निघाली. बांबू, झावळ्या, लाकडी मुखवटे आणि रमची गोड मिश्रणे यांच्या साहाय्याने पॅसिफिक महासागरातील बेटांचा आभास तेथे उभा केला जाई. माओरी परंपरेत टिकी म्हणजे आदिमानव. कोरीव मूर्तींनाही तेच नाव. मद्यालयात त्या मूर्तीचा प्याला झाला! ओहायओतील कोलंबस शहरी १९६१ साली उघडलेले ‘कहिकी’ हे या थाटाचे भव्य उदाहरण. १९९७ साली ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. तरी २००० साली ते पाडले गेले आणि त्या जागी औषधांचे दुकान आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलातील ‘टाँगा रूम’वर, जी १९४५ पासूनची, २००९ साली असेच गंडांतर आले होते, ती बचावली.

अशा वास्तू गेल्या की हळहळ वाटते, आणि ती खोटी नसते. तेथे माणसांचे वाढदिवस झालेले असतात, कारागिरांचे हात राबलेले असतात. तथापि आमच्या मते या सजावटीचे दौर्बल्य तिच्या जन्मातच होते. तिच्यामागे बेटावरचा कोणताही विधी नव्हता, ऋतू नव्हता. गिऱ्हाइकाच्या हौशीवर ती उभी होती. हौस ओसरताच तिला आधार उरला नाही.

वारली चित्राचे मूळ निराळे आहे. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी विराजते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही रेषा कागदावर आणली. तलासरी तालुक्यातील धामणगावी त्यांचा जन्म, डहाणू तालुक्यातील गंजाड ही कर्मभूमी; २०११ साली पद्मश्री, २०१८ साली निधन. त्यांनी रेखाटलेले मासेमारीचे जाळे पाहावे. बारीक रेषांच्या विणीने सारी चौकट भरून जाते आणि माणूस त्यापुढे इवलासा दिसतो. जाळे विणण्याचे श्रम ज्याने जवळून पाहिले, त्याचीच ही रेषा.

मद्यालयाच्या भिंतीवर नेमके हेच हरवते. आकृत्या छापाच्या, अंतर सारखे, नाचाचे वेटोळे दाराच्या चौकटीने मध्येच कापलेले. ताडावरचा माणूस चढतो खरा, परंतु त्याची ताडी खाली कोणी पीत नाही. आपल्या वसईकडच्या जुन्या घरांत फुग्यांचे पीठ ताडीने फुगवीत. तिथे ताडी काढणाऱ्याची वाट पाहिली जाई. भिंतीवरच्या माणसाची वाट कोण पाहतो?

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. व्हॅटिकन महासभेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपलीच मानलेली नाही, असे सांगितले. त्यामुळे नाताळचा गोठा वारली शैलीत रंगवण्यास आडकाठी नाही. पण शैली उचलणे निराळे आणि त्या लोकांना सोबत घेणे निराळे. गोठा रंगवायचा असेल तर पाड्यावरच्या चित्रकाराला बोलवावे, मेंढपाळांच्या जागी तो कोणाला उभे करील हे त्याला विचारावे, योग्य मोबदला द्यावा आणि चित्राखाली त्याचे नाव लिहावे. एवढे होणार नसेल, तर आपला गोठा आणि ते उपाहारगृह यांत फरक तो काय?