दोन टक्क्यांचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढाया संगणकावर खेळणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे: कोणती विमानतोफ सर्वांत प्रभावी? २००१ साली आलेल्या ‘इल-टू स्टुर्मोविक’पासून ‘वॉर थंडर’पर्यंत खेळ बदलले, वाद तोच राहिला.

एका बाजूला ब्रिटिश विमानांतली २० मिमी हिस्पानो, दुसऱ्या बाजूला जर्मनांची ३० मिमी एमके १०८. हिस्पानोचा गोळा सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटे, एमके १०८चा जेमतेम ५४०. हवेचा अडथळा सोडून दिला तरी ३०० मीटर कापेपर्यंत पहिला सुमारे ६० सेंटिमीटर खाली येतो, दुसरा दीड मीटर. मात्र जर्मन गोळ्याचे कवच पातळ आणि आत स्फोटक भरपूर; तो आत शिरून फुटला की विमानाचा पत्रा उचकटून टाकी. वेग, घसरण, स्फोटकाची ताकद हे सारे असे खेळ मेहनतीने मांडतात. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

माझा आक्षेप मोजण्याच्या रीतीला आहे. सरळ उडणाऱ्या बी-१७ बाँबफेकी विमानावर मारा करायचा, किती गोळ्यांत ते पडते ते पाहायचे आणि उत्तर जर्मनांच्या आकड्यांशी ताडायचे: २० मिमीचे सरासरी २० गोळे, ३० मिमीचे ४. जुळले, तर खेळ ‘खरा’. पण त्याच जर्मन हिशेबाचा दुसरा भाग सहसा विसरला जातो. सामान्य वैमानिकाने झाडलेल्या गोळ्यांपैकी सुमारे २ टक्केच लक्ष्याला लागत. म्हणजे २० लागायला १,००० झाडायचे! बीएफ १०९मधल्या एमके १०८ला ६५ गोळे मिळत; ते ६ सेकंदांत संपत. तोच दर धरला तर त्यांतला एखादाच लागणार, आणि लागायला हवेत चार.

हे दोन टक्के कुठून आले? समोरच्या बाँबफेकी विमानांच्या थव्यातून सुटणारा मशीनगनचा मारा, नेम धरायला मिळणारे मोजके क्षण, युद्धाच्या उत्तरार्धात इंधनाअभावी कमी होत गेलेले प्रशिक्षण आणि जिवाची भीती. खेळातला वैमानिक मेला की नव्या विमानात बसतो. म्हणून तो शंभर मीटरपर्यंत बिनधास्त जातो. तिथे मंद गोळ्याचा दोष उरतच नाही आणि एमके १०८ ‘श्रेष्ठ’ ठरते. या चाचणीत गोळा मोजला जातो. तोफ चालवणारा माणूस मोजला जात नाही.

बाँबफेकी विमानातली माणसेही तशीच निसटतात. १४ ऑक्टोबर १९४३च्या श्वाइनफुर्टवरील हल्ल्यात ६० बी-१७ गमावली गेली. प्रत्येकात साधारण १० जण होते. खेळाच्या गुणफलकावर त्यांची नोंद ‘६०’ अशीच होईल.

खेळ बंद करा, असे मी म्हणत नाही. डावाच्या शेवटी खेळाडूच्या नेमाच्या टक्केवारीशेजारी तो ‘२’ छापला, तरी या वादाला थोडी लाज वाटू लागेल.