क्रॅबचें ‘पॅरिश रजिस्टर’ आणि हरवलेला पूर्वज

ज्याच्या नांवापलीकडे कांहीं ठाऊक नाहीं अशा पूर्वजाचा माग काढणें हा इंग्लंडांतील असंख्य सामान्य कुटुंबांचा आवडता उद्योग आहे. त्याचीं साधनें मुख्यतः दोन: खानेसुमारीचे कागद, आणि प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या कक्षेंतील वस्तीच्या, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या. त्या कशा वाचाव्या हें सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. परंतु या कामीं वाचकाची दृष्टि खरी तयार करणारा ग्रंथ त्या हेतूनें लिहिलेलाच नाहीं. तो एक काव्यग्रंथ आहे. जॉर्ज क्रॅबचें ‘द पॅरिश रजिस्टर’ हें काव्य १८०७ सालीं प्रसिद्ध झालें. आज तें क्वचितच वाचलें जातें. त्याचे गुणदोष पाहतांना त्या वह्यांचेहि गुणदोष कळतात, म्हणून दोहोंचा विचार येथें एकत्र केला आहे.

क्रॅब (१७५४–१८३२) हा सफक परगण्यांतील ऑल्डबरो या समुद्रकांठच्या गांवचा. प्रथम त्यानें वैद्यकी करून पाहिली. ती साधली नाहीं. एडमंड बर्कनें हात दिला, आणि तो कवि म्हणून पुढें आला व धर्मोपदेशकहि झाला. ‘पॅरिश रजिस्टर’चा निवेदक असाच एक खेड्यांतला धर्मोपदेशक आहे. सरलेल्या वर्षाची वही उघडून तो एकेका नोंदीवर थांबतो आणि त्या त्या माणसाची हकीकत सांगतो. काव्याचे भागहि वहीप्रमाणेंच तीन आहेत: बाप्तिस्मे, विवाह आणि दफनें. मुत्सद्दी चार्लस् जेम्स फॉक्स यानें १८०६ सालच्या आपल्या अखेरच्या दुखण्यांत या काव्याच्या हस्तलिखितांतील भाग ऐकले होते, ही गोष्ट क्रॅबनें कृतज्ञतेनें नमूद केली आहे.

या रचनेंतील एक बारकावा सहज नजरेआड होतो. पहिल्या भागांत जेरार्ड ॲब्लेट या गरीब माणसाचें वाढतें कुटुंब आणि त्याची चिंता यांचें वर्णन आहे. तिसऱ्या भागांत त्याचा तान्हा मुलगा पुन्हा भेटतो, पण दफनांच्या यादींत. त्याची जुळी बहीण तेवढी मागें राहते. वाचकानें पहिला भाग लक्षांत ठेवला असेल तरच तिसऱ्या भागांतील ही नोंद त्याच्या मनाला लागते. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला नेमकें हेंच करावें लागतें.

तें कसें, हें पाहण्यासाठीं साधनांचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. इंग्लंडांतील दशवार्षिक खानेसुमारी १८०१ सालीं सुरू झाली. परंतु पहिल्या चार वेळीं सरकारला हवी होती ती डोक्यांची संख्या. देशभर माणसांचीं नांवें लिहून ठेवलीं गेलीं तीं १८४१ पासून. त्या वर्षीं पंधरा वर्षांवरील माणसांचें वय सामान्यतः पांचाच्या पटींत खालीं उतरवून लिहीत, आणि जन्म याच परगण्यांतला कीं बाहेरचा एवढेंच विचारीत. नेमकें वय, जन्माची पॅरिश आणि कुटुंबप्रमुखाशीं नातें हीं १८५१ सालीं प्रथम आलीं. म्हणजे १८५१ ची खानेसुमारी पाहण्यापूर्वींच जो मरण पावला, त्याचा जन्म कोठला हें सांगणारा कागद खानेसुमारींत नाहीं. त्याच्या बाबतींत चर्चच्या वह्याच उरतात. त्या ठेवण्याचा हुकूम थॉमस क्रॉमवेलनें १५३८ सालीं काढला होता.

समजा, १८५१ च्या कागदांत साठ वर्षांचा एक मजूर सांपडला आणि त्याची जन्मपॅरिशहि कळली. तेथील वहींत १७९१ च्या सुमारास त्या नांवाच्या मुलाचा बाप्तिस्मा मिळाला कीं शोध संपला असें अनेकांना वाटतें. वस्तुतः खरें काम तेथून सुरू होतें. तोच मुलगा पुढच्या वर्षीं त्याच चर्चच्या आवारांत पुरला गेला नाहीं ना, हें पाहिल्यावांचून पुढें जाणें धोक्याचें. मेलेल्या मुलाचें नांव पाठच्या भावंडाला ठेवण्याची चाल त्या काळीं सर्रास होती. दफनाच्या वहीचा मोठा उपयोग हाच कीं, आपला पूर्वज कोण नव्हे हें ती निश्चित सांगते. ही चाळणी ज्यांनीं लावली नाहीं अशांच्या वंशावळींत पाळण्यांतच मेलेलीं मुलें नातवंडांचे आजोबा होऊन बसलेलीं दिसतात.

मात्र याहून अधिक कांहीं ती वही सहसा सांगत नाहीं. १८१२ च्या कायद्यानें छापील रकाने ठरवून दिले आणि १८१३ पासून ते वापरांत आले. दफनाच्या नोंदीला रकाने असे: नांव, राहण्याचें ठिकाण, दफनाचा दिवस, वय, आणि विधि करणाऱ्याची सही. बाप कोण, धंदा कोणता, मृत्यु कशानें आला, यांना जागा नाहीं. दिवसहि मृत्यूचा नव्हे, पुरल्याचा. ही वही विधीची आहे, आयुष्याची नव्हे. क्वेकर पंथाच्या माणसाला त्याच्या पंथाच्या भूमींत पुरलें असेल, तर या वहीच्या दृष्टीनें तो मेलाच नाहीं. शेऱ्यांचाहि अर्थ जपून लावावा लागतो. १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि निर्धनांना तो माफ होता. तेव्हां त्या वर्षांतील ‘निर्धन’ या शेऱ्यावरून दारिद्र्य सिद्ध झालें असें मानण्यापूर्वीं हे तीन पेन्स आठवले पाहिजेत.

हें रितेपण क्रॅब भरून काढतो. त्याच्या तिसऱ्या भागांत आयझॅक ॲशफर्ड नांवाचा एक सच्छील शेतमजूर आहे. गरीबखान्यांत जाण्याची वेळ आली तरी त्याचें मन तें घेत नाहीं, आणि अखेर तो आपल्या झोंपडीच्या दारांतच कोसळतो. रॉबिन डिंगली हा बुद्धिभ्रंश झालेला माणूस पुनःपुन्हा भटकत जातो आणि पुनःपुन्हा याच पॅरिशमध्यें परत येतो. लीया कझिन्स ही सुईण नव्या डॉक्टरापुढें हरते. या तिघांच्या रकान्यांत एकेक नांव आणि एकेक तारीख यांहून काय असणार? ॲशफर्डचा स्वाभिमान कोणत्या रकान्यांत लिहावा? आपल्या पूर्वजाच्या नोंदीपुढें बसलेल्या माणसानें हीं प्रकरणें वाचलीं तर त्या ओळीमागें किती आयुष्य दडलेलें असूं शकतें याची कल्पना त्याला येईल.

परंतु येथेंच मोह उत्पन्न होतो. क्रॅबचा पाद्री आपल्या माणसांना ओळखत होता. आपण आपल्या पूर्वजाला ओळखत नाहीं. त्यानें जें आठवून लिहिलें तें आपण कल्पून लिहिलें, तर तो चरित्राचा आभास होईल. नांवांवर तर मुळींच विसंबूं नये. पहिल्या भागांत पॅरिशच्या हद्दींत टाकून दिलेल्या एका अनाथ मुलाला गांवची सभा वाद घालून ‘रिचर्ड मंडे’, म्हणजे रिचर्ड सोमवार, असें नांव देते. आणि तोच पुढें ‘सर रिचर्ड’ होऊन मरतो. त्याच्या वंशजांनीं मंडे घराण्याचें मूळ शोधूं म्हटलें तर त्यांच्या हातीं काय लागेल? आठवड्याचा एक वार!

हॅझलिटनें १८२५ सालीं ‘द स्पिरिट ऑफ दि एज’ या ग्रंथांत क्रॅबवर कठोर टीका केली. वास्तवाची रूक्ष नक्कल आणि उदास दृष्टि, हा तिचा रोख होता. रूक्षतेचा आरोप मला मान्य नाहीं. ज्याचा विषयच नोंदवही आहे, त्यानें तिच्या कोरडेपणाला न भितां त्यांतून करुण रस काढावा, यांतच त्याची शक्ति आहे. क्रॅबचा खरा दोष निराळा आहे. तो सारें गांव पाद्र्याच्या मेजावरून पाहतो. अनौरस मुलाच्या आईचें गाऱ्हाणें तो ऐकवितो खरें, पण निवाडा स्वतःकडे ठेवतो. हा सद्गुणी, तो दुर्गुणी, अशी वाटणी त्याच्या हातून सहज होऊन जाते. हाच दोष खऱ्या वह्यांत आहे. तेथें ‘अनौरस’ हा शब्द मुलाच्या नांवापुढें कायमचा बसतो आणि दोन शतकांनीं वंशज तो वाचतात. तो शब्द लिहिणाऱ्याचा आहे, त्या मुलाचा नव्हे, हें भान क्रॅबच्या वाचकाला लवकर येतें, कारण लिहिणाऱ्याचा आवाज त्यानें तीन भागभर ऐकलेला असतो.

या शोधाची दुसरी वाट हार्डीनें १८९१ च्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ या कादंबरींत दाखविली. एका पुराणवस्तुप्रिय पाद्र्यानें बापाला सरदार घराण्याचें मूळ सांगितलें, आणि त्या पोकळ अभिमानानें मुलीच्या सर्वनाशाला तोंड लागलें. पूर्वज थोर निघावा ही इच्छा फार जुनी आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून कुळाच्या पिढ्या मिळतात. पण त्या वह्यांत येतो तो यात्रेला जाऊं शकलेला, स्वतःच्या तोंडानें आपलें कुळ सांगणारा माणूस. पॅरिशच्या वहींत, उलट, जो कधीं कोठें गेला नाहीं आणि ज्याला कुळच ठाऊक नव्हतें तोहि येतो. तिची थोरवी हीच. सरदाराला थडगें मिळतें. मजुराला ही एक ओळ.

काव्याच्या शेवटीं वही संपते आणि घंटा ऐकूं येते. कोणासाठीं म्हणून चौकशी केली तर कळतें कीं, म्हातारा डिब्ल गेला. पांच पाद्र्यांच्या हाताखालीं चर्चची सेवा केलेला आणि गांवाच्या कबरी खणलेला हा माणूस. कोणत्या बिनदगडी मातीखालीं कोण आहे हें गांवांत त्याच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? तो गेल्यावर उरते ती वही. पूर्वजांचा शोध घेणारे सारे डिब्लच्या मागाहून आलेले आहेत. वहींतील ओळ त्यांनीं जपावी, पारखावी, आणि जें तिच्यांत नाहीं तें तिच्या तोंडीं घालूं नये. त्या ओळीमागें माणूस होता एवढी खात्री क्रॅब देतो. तो माणूस आपलाच होता कीं नाहीं, हें मात्र दफनांची वही दुसऱ्यांदा उघडूनच ठरवावें लागतें.