पालकांची सही

कोरोनाकाळातील शिक्षणावर आकडेवारीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. त्या काळाने निर्माण केलेल्या मजकुराची चिकित्सा मात्र फारशी झाली नाही. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२० मध्ये सुरू केलेल्या अभ्यासमालेचे नावच पाहावे : ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे.’ हे वाक्य एखाद्या कवितेच्या ओळीइतके बारकाईने वाचण्याजोगे आहे. शाळा कोणी बंद केली, हे त्यात नाही. शिक्षण कोण देणार, याविषयीही मौन आहे. कर्त्याच्या त्या रिकाम्या जागी पालकाला बसविण्यात आले.

जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर आलेली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका याच परिस्थितीचे अपत्य होय. तिचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. पहिली ते आठवीचे पाठ तिने फळ्यावरून उतरवून घरात आणि परिसरात आणले, मुलांच्या हातांना काम दिले. शिवाय ती दूरचित्रवाणीवर होती. स्मार्टफोन नसलेल्या घराची आठवण तिला होती, आणि त्या दिवसांत हे थोडे नव्हे. उणीव आहे ती गृहीतात. घरालाच शाळा मानले की मुलाशेजारी बसायला एक मोकळे वडीलधारे माणूस लागते. वऱ्हाडात जुलै म्हणजे निंदणाचे दिवस. राजापेठेतील दुकानात नोकरी करणारा बाप टाळेबंदी सैल होताच कामावर गेला. खेड्यातली आई सकाळीच रोजाने सोयाबीनच्या वावरात. मग ‘पालकाची भूमिका’ वठवायची कोणी?

दुसरा मजकूर संमतीपत्राचा. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरविण्यास राज्याने मुभा दिली. अट पालकांच्या लेखी संमतीची. महिना उलटण्यापूर्वीच, २२ फेब्रुवारीला, अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली. साथीत शासनाने सह्या गोळा करीत बसावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु उघडताना सही हवी आणि बंद करताना नको, या व्यवस्थेत पालकाच्या वाट्याला अधिकार येत नाही, जोखीम तेवढी येते.

पालकांना विचारलेच नाही, असेही नाही. जुलै २०२१ मधील शासकीय सर्वेक्षणात ८० टक्क्यांहून अधिक पालकांनी शाळा उघडण्यास होकार दिला. (सर्वेक्षण ऑनलाइन होते, म्हणजे फोन असलेल्यांचेच मत मोजले गेले, हे ध्यानात ठेवावे.) १७ ऑगस्टचा मुहूर्त ठरला आणि कृती दलाच्या आक्षेपानंतर लांबणीवर पडला. वैद्यांचा शब्द वजनदार असावा, हे योग्यच. पण होकाराचे पुढे काय झाले, हे सांगण्याचे सौजन्य तरी दिसावयास हवे होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडील हे मुलांचे पहिले शिक्षक मानलेले आहेत. आपल्या प्रवचनांत हे वाक्य वारंवार येते. त्याच परिच्छेदात पुढे, कुटुंबाला या कार्यात साऱ्या समाजाचे साहाय्य लागते, असेही म्हटले आहे. ते आपण क्वचितच वाचून दाखवितो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले, पण त्याच दुरुस्तीने मोफत शिक्षणाची जबाबदारी राज्यावरही टाकली. दोन्ही दस्तऐवजांत पालक एकटा नाही. २०२० च्या मजकुरात तो एकटा आहे.

प्राथमिक वर्गांना राज्याने मुभा दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गातल्या बाकावर प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत होते. मधल्या काळात त्याला काय आले आणि काय राहिले, हे त्याच्या आईला सर्वांत आधी ठाऊक होते. तिला पहिल्या दिवशी काय विचारावे, याचा नमुना मात्र कोणत्याही परिपत्रकात माझ्या वाचनात आला नाही.